जुना साचा, नवं पोलाद

दोन रिकाम्या पुंगळ्या शेजारी शेजारी उभ्या करा. दोन्ही पितळेच्या, दोन्ही महाराष्ट्रात घडलेल्या. पहिली थोडी उंच, खालून वर निमुळती होत गेलेली. तिच्या बुडाची कड अंगाबाहेर आलेली आहे आणि बुडावर ठसा आहे ‘केएफ’, म्हणजे किरकी फॅक्टरी, आपलं खडकी. दुसरी पाचेक मिलिमीटरने बुटकी आणि अंगाने जवळजवळ सरळ. तिची कड बाहेर येत नाही, त्याऐवजी बुडाजवळ अंगातच एक खाच फिरवलेली आहे. तिच्यावरचा ठसा ‘ओएफव्ही’, म्हणजे भुसावळजवळच्या वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी. पहिली पुंगळी .३०३ ची, दुसरी ७.६२ ची. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, वरणगावचा १९६४ चा.

या दोन पुंगळ्यांच्या मधोमध एक रायफल उभी आहे. ती बंगालात, हुगळीकाठच्या इशापूरला बनली. दिसते पहिल्या महायुद्धातल्यासारखी, पण काडतूस उडवते नाटोच्या मापाचं. सरकारदप्तरी तिचं नाव ‘रायफल ७.६२ एमएम २ए’. थोड्याशा फेरफारानंतर ती ‘२ए१’ झाली. बंदुकांच्या जाणकारांत तिची एक ओळख सांगितली जाते: कुठल्याही देशाच्या सैन्यासाठी सर्वसाधारण वापराला म्हणून आखलेली ही शेवटची बोल्ट-ॲक्शन रायफल.

तिच्याबद्दलचा एक गैरसमजही तितकाच पसरलेला आहे. थ्री नॉट थ्रीची नळी काढली, ७.६२ ची बसवली की झाली २ए१, असं अनेकांना वाटतं. वाटणं स्वाभाविक आहे, कारण दोघी जुळ्या बहिणी दिसतात. तोंडापर्यंत आलेलं तेच लाकूड, टोकाला तेच बोथट लोखंडी टोपण, तोच वळलेला बोल्टचा दांडा, संगीन अडकवायची तीच सोय. पण ही जुनी रायफल दुरुस्त करून वापरलेली नव्हती. ती पहिल्यापासून नवी घडवली होती. साचा तोच ठेवला आणि आतलं पोलाद बदललं. असं का करावं लागलं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

घड्याळजीच्या मुलाचा बोल्ट

जेम्स पॅरिस ली यांचा जन्म १८३१ साली स्कॉटलंडमधल्या हॉविक गावचा. लहानपणीच घरच्यांबरोबर ते कॅनडात गेले आणि पुढे अमेरिकेत स्थिरावले. वडील घड्याळजी होते, आणि बारीक सुट्या भागांची ती नजर मुलाकडेही आली. १८७९ साली ली यांनी एका रायफलीचं पेटंट घेतलं. तिच्यात बोल्टच्या खाली पत्र्याची एक पेटी होती. काडतुसं तिच्यात एकावर एक रचायची, आणि खालची स्प्रिंग त्यांना वर ढकलत राहायची. आज ज्याला आपण मॅगझिन म्हणतो ते हेच.

त्यांच्या बोल्टची कडी मागच्या बाजूला होती. म्हणजे काय, ते वाड्याच्या दाराच्या उदाहरणाने चटकन कळेल. दार आतून बंद करायच्या दोन रीती धरा. एक, दाराला लागूनच आडवा अडसर घालायचा. दुसरी, दाराला लांब दांडा टेकवायचा आणि त्याचं दुसरं टोक मागच्या भिंतीत रोवायचं. दार दोन्ही रीतींनी बंद राहतं. पण बाहेरून कुणी जोरात धडक दिली तर अडसर जागचा हलत नाही. लांब दांडा मात्र किंचित दबतो, मागची भिंतही थोडी हादरते, दार केसभर आत येतं आणि परत जागेवर जातं. जर्मनीच्या माउझर रायफलीत कडी पुढे होती, काडतुसाला चिकटून. ली यांच्या रायफलीत ती मागे होती. बार उडाला की सगळा धक्का बोल्टच्या पूर्ण लांबीतून मागच्या टोकाला जायचा. बोल्ट दबायचा, त्याचं घर ताणलं जायचं.

ली यांनी हे काही अजाणतेपणी केलेलं नाही. मागच्या कडीमुळे बोल्ट कमी अंतर मागे-पुढे करावा लागतो, हात पटापट चालतो, आणि कडीची खोबण उघडी असल्याने तिच्यातली माती बोटाने काढता येते. १९१४ साली फ्रान्सला गेलेल्या इंग्रज शिपायाला मिनिटाला पंधरा नेमके बार काढायची तालीम दिलेली होती. या वेगामागे ली यांचा बोल्ट होता. चिखलाने भरलेल्या खंदकात ही रायफल नावाजली गेली तीही याच गुणामुळे. वेग घेतला आणि ताठपणा सोडला, असा तो सौदा होता. सौदा परवडत होता, कारण काडतुसाचा दाब त्याच्या आवाक्यातला होता.

दारू बदलली की दुबळी जागा कळते

या रायफलीची पहिली परीक्षा फार लवकर झाली. ब्रिटिश सैन्याने १८८८ साली ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली. बोल्ट आणि पेटी ली यांची, नळीच्या आतली आटेदार खाच विल्यम मेटफर्ड यांची. मेटफर्ड यांनी खाचा उथळ आणि गोलसर ठेवल्या होत्या. काळ्या दारूची काजळी त्यात साठू नये, हा हेतू. पण .३०३ काडतूस काळ्या दारूवर फार दिवस राहिलं नाही. फ्रेडरिक एबेल आणि जेम्स ड्यूअर यांनी शोधलेली कॉर्डाइट ही बिनधुराची दारू १८९१ पासून त्यात भरली जाऊ लागली. कॉर्डाइट काजळी धरत नव्हती, पण तिची आच जबर होती. त्या आचेने मेटफर्डच्या नाजूक खाचा झिजून जाऊ लागल्या. मग एन्फिल्डच्या सरकारी कारखान्याने खोल, चौकोनी कडांच्या पाच खाचा पाडल्या, आणि १८९५ साली तीच रायफल ली-एन्फिल्ड या नावाने पुढे आली.

नवी दारू आली की ती रायफलीतली सर्वांत दुबळी जागा शोधून काढते. १८९१ साली ती जागा नळी निघाली. पुढच्या खेपेला ती दुसरीकडे असणार होती.

बोअर युद्धात, १८९९ ते १९०२ या काळात, इंग्रजांना समोरच्या शेतकऱ्यांच्या हातातल्या माउझरने चांगलंच जेरीस आणलं. त्या धसक्याने १९०७ पर्यंत आखूड, आटोपशीर ‘शॉर्ट मॅगझिन ली-एन्फिल्ड मार्क ३’ तयार झाली. तिच्यासाठी १९१० साली टोकदार गोळीचं मार्क ७ काडतूस निघालं. गोळी १७४ ग्रेनची, वेग सेकंदाला २,४४० फूट. आपल्याकडे थ्री नॉट थ्री म्हणून घराघरात ठाऊक झालेली जोडी ती हीच.

तरीही लंडनच्या युद्धखात्याचं समाधान झालं नव्हतं. १९१३ साली त्यांनी .२७६ मापाचं एक जहाल काडतूस आणि त्यासाठी वेगळी रायफल चाचणीला काढली. ही रायफल आखताना त्यांनी ली यांचा बोल्ट बाजूला ठेवला आणि माउझरच्या धर्तीवर पुढची कडी घेतली. चाचणीत नळ्या फार तापू लागल्या, झिजू लागल्या. तेवढ्यात १९१४ चं युद्ध पेटलं आणि .२७६ चा विषय कायमचा मिटला. रायफलीची आखणी मात्र फुकट गेली नाही. ती .३०३ साठी ‘पॅटर्न १४’ झाली, आणि अमेरिकेने तिला आपल्या .३०-०६ काडतुसावर घेऊन ‘मॉडेल १९१७’ केली.

इशापूरचा कारखाना या गोष्टीत याच सुमारास येतो. कंपनी सरकारने १७८७ साली तिथे तोफेच्या दारूचा कारखाना काढला होता. त्याच जागेवर १९०४ साली रायफल फॅक्टरी उभी राहिली आणि पुढे तिने मार्क ३ रायफली घडवायला घेतल्या. दोन महायुद्धांत तिने या रायफली काढल्या. याच आखणीची हलकी भावंडंही तिथे बनली. पोलिसांच्या हाती द्यायची .४१० ची एकबारी मस्केट त्यातली एक: दिसायला रायफल, पण मारा आखूड, आणि सैन्याचं काडतूस तिच्यात वापरता येऊ नये अशी तजवीज. शिकाऱ्यांसाठी .३१५ ची रायफल त्यातली दुसरी. सामान्य नागरिकाला सैन्याच्या मापाचं हत्यार मिळत नसे, म्हणून ली यांच्याच यंत्रणेवर ऑस्ट्रियन मॅनलिखर जातीचं ८ मिलिमीटरचं काडतूस चढवलं गेलं. म्हणजे एकाच साच्यातून वेगवेगळ्या मापांच्या रायफली काढायची विद्या इशापूरच्या कारागिरांना नवी नव्हती. फक्त आजवरचे हे बदल उतरत्या दाबाकडचे होते. चढत्या दाबाकडे कुणी गेलं नव्हतं.

बासष्ट

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिमेकडच्या देशांनी एकच काडतूस ठरवण्याचा घाट घातला, आणि १९५४ साली ७.६२ बाय ५१ मिलिमीटरचं काडतूस नाटोचं म्हणून मान्य झालं. सुधारलेल्या दारूमुळे कमी जागेत तितकीच ताकद भरता येऊ लागली होती, म्हणून पुंगळी बुटकी झाली. तिची गोळी साडेनऊ ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला सुमारे ८४० मीटर. ब्रिटनने हे काडतूस उडवणारी, बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या आखणीवरची एसएलआर, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणारी रायफल, १९५७ साली घेतली. भारतही त्याच दिशेने निघाला. पुण्यातल्या शस्त्र संशोधन आणि विकास संस्थेने, म्हणजे एआरडीईने, परदेशी नमुने समोर ठेवून भारतीय एसएलआर आखली. तिला नाव मिळालं १ए. बनवायचं काम इशापूरकडे.

पण आखणी होणं आणि शिपायाच्या खांद्यावर रायफल येणं यात वर्षं जातात. ऑक्टोबर १९६२ मध्ये चिनी फौजा सरहद्दीवरची नामका चू नदी ओलांडून आल्या तेव्हा आपल्या जवानाच्या हातात थ्री नॉट थ्रीच होती. प्रत्येक बारानंतर बोल्ट ओढायचा. समोरचा शत्रू स्वयंचलित हत्यारांनी गोळ्यांचा पाऊस पाडत होता. १८ नोव्हेंबरला लडाखमध्ये रेझांग ला इथे मेजर शैतान सिंह यांची १३ कुमाऊंची तुकडी शेवटच्या गोळीपर्यंत लढली, ती याच रायफली घेऊन. थंडीत बधिर झालेल्या बोटांनी, सोळा हजार फुटांच्या वर.

२१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. त्याच दिवशी यशवंतराव चव्हाणांनी दिल्लीत संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असं मराठी माणूस आजही अभिमानाने म्हणतो. सह्याद्रीपुढचा हिशोब मात्र रोकडा होता. १९६४ च्या संरक्षण योजनेत सैन्य सव्वाआठ लाखांपर्यंत वाढवायचं ठरलं. इतक्या माणसांना रायफली हव्यात, त्या एका मापाच्या हव्यात, आणि वेळेत हव्यात. याच धावपळीत वरणगावचा नवा कारखाना उभा राहिला.

एका मापाचा आग्रह उगाच नव्हता. एसएलआर ७.६२ ची, ती अजून थोडी. रायफली .३०३ च्या, त्या लाखांनी.  लढाईत एका तुकडीला भलत्याच मापाच्या पेट्या पोचल्या तर हातातली रायफल काठीइतकीच कामाची. म्हणून सगळ्यांना ७.६२ वर आणायचं ठरलं. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनणारी ब्रेन गनही ७.६२ ची झाली आणि तिला १बी म्हटलं गेलं.

ब्रेनची गंमत सांगण्यासारखी आहे. ती मूळची चेकोस्लोव्हाकियाच्या ब्रनो शहरातली, बिनकडेच्या काडतुसाची मशीनगन. इंग्रजांनी ती घेतली तेव्हा तिला आपल्या कडवाल्या .३०३ साठी वळवावं लागलं. बाहेर आलेल्या कडांमुळे काडतुसं एकावर एक सरळ बसत नाहीत, कमान धरतात, म्हणून तिचं मॅगझिन केळ्यासारखं वाकलं. ७.६२ आलं, कड गेली आणि मॅगझिन पुन्हा जवळजवळ सरळ झालं. म्हणजे ब्रेनचा हा प्रवास माहेरी परतण्याचा होता. ली यांच्या रायफलीला असं माहेर नव्हतं. ती जन्मापासून कडवाल्या काडतुसाचीच.

चौदा टक्क्यांचा प्रश्न

मग सरळ उपाय हा की गोदामातल्या थ्री नॉट थ्री काढाव्यात आणि त्यांना नव्या नळ्या बसवाव्यात. तो का घेतला नाही?

आकडे बघू. आजच्या युरोपीय प्रमाणांत .३०३ च्या काडतुसासाठी कमाल दाब ३६५ मेगापास्कल धरला जातो, आणि ७.६२ च्या जातीच्या काडतुसासाठी ४१५. म्हणजे सुमारे चौदा टक्के जास्त. नव्या पुंगळीचं बूडही .३०३ च्या अंगापेक्षा किंचित रुंद आहे. दाब जितक्या क्षेत्रावर पडतो तितका धक्का वाढतो, म्हणून बोल्टवर येणारा भार चौदा टक्क्यांपेक्षाही थोडा जास्तच भरतो.

इतक्याने रायफल फुटेल का? एका बाराने बहुधा नाही. प्रत्येक रायफल कारखान्यातून निघण्यापूर्वी नेहमीपेक्षा सुमारे पाव पट जास्त दाबाचं चाचणी काडतूस उडवून तपासली जाते. पण एक बार सोसणं वेगळं आणि दहा हजार बार सोसणं वेगळं. धातू थकतो. लांब दांड्याच्या उपमेकडे परत या: दार रोज थोडं थोडं हललं तर भिंतीतलं खोबण सैल होत जातं. कडीचे खांदे आणि त्यांची बसायची जागा ठोकर खात खात चेपत जातात, बोल्ट आणि काडतूस यांच्यातली फट वाढते, पुंगळी ताणली जाते आणि एक दिवस बुडाजवळ फाटते. तेव्हा तो तापलेला वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येतो.

फटीचा मुद्दा नव्या काडतुसाने आणखी नाजूक केला. .३०३ ची पुंगळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेत, आपल्या कडेवर टेकते. कड बाहेर अडकली की मागचं माप पक्कं. कड नसलेल्या ७.६२ ला ती सोय नाही. ती आपल्या खांद्यावर, म्हणजे मान सुरू होते तिथल्या उतारावर टेकते. हे माप चेंबर कोरणाऱ्याच्या हातात असतं, आणि त्यात चूक खपत नाही.

पोलादाच्या बाबतीत कारखान्यांनी गाफील राहिल्याची एक मोठी किंमत जगाने आधीच पाहिली होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या स्प्रिंगफिल्ड रायफलींची काही घरं बारासरशी तडकून फुटली. चौकशीत आढळलं की भट्टीतल्या पोलादाची उष्णता लोहार डोळ्याने, रंगावरून ठरवत होते. ढगाळ दिवशी दिसणारा लाल आणि लख्ख उन्हातला लाल यांच्यात फरक असतो. काही पोलाद जळून ठिसूळ झालं होतं. १९१८ साली स्प्रिंगफिल्डने भट्टीची पद्धत बदलली. रायफलीचा आकार जसाच्या तसा राहिला. त्या आकारात काहीच चूक नव्हती.

इशापूरला हे ठाऊक असणारच. त्यांच्या गोदामातल्या रायफलींत १९१० चं पोलाद होतं, १९१७ चं घाईतलं होतं, १९४३ चंही होतं. कुणाचे किती बार झालेत, कोण किती थकलीय, हे बाहेरून सांगता येत नाही. म्हणून त्यांनी जुन्या रायफली तशाच .३०३ वर ठेवल्या आणि जुन्याच आखणीवर नवी रायफल घडवली.

काय बदललं, काय राहिलं

बोल्टच्या घरासाठी आणि बोल्टसाठी ‘ईएन’ प्रतवारीतलं सुधारित पोलाद घेतलं गेलं. बाकी बदल या एका निर्णयाच्या मागोमाग आले. पुंगळी मागे ओढणारा हुक नव्याने बेतावा लागला, कारण .३०३ ची जाड कड पकडणारा हुक ७.६२ च्या पातळ खाचेत नीट बसत नाही. मॅगझिन जवळजवळ चौकोनी झालं. .३०३ च्या पेटीचा तिरका, पोट सुटलेला आकार गेला, कारण कडाच नाहीत तर कमानही नको. २ए१ आणि थ्री नॉट थ्री शेजारी ठेवल्या तर लांबून फरक ओळखायची खूण हीच.

शिपायाच्या रोजच्या कामाला भिडलेला बदल मात्र नेमपट्टीवर झाला. २ए वर मागची नेमपट्टी जुनीच राहिली होती, २,००० यार्डांपर्यंत आकडे असलेली. दोन हजार यार्डांवर एका माणसाला नेम धरून मारणं हे त्या काळातही कुणाच्या मनात नव्हतं. ते आकडे त्या युगाचे, जेव्हा अख्खी कंपनी दूरच्या घोडदळावर एकदम गोळ्यांची सरबत्ती करी. २ए१ मध्ये तो आकडा ८०० वर आला, आणि तोही मीटरमध्ये. यार्डांतून मीटरमध्ये येणं हे आपल्या साऱ्या देशाचंच तेव्हाचं काम होतं. शेर-मण जाऊन किलो आले, मैलाचे दगड किलोमीटरचे झाले, तसेच रायफलीवरचे यार्डही गेले. नेमपट्टीवरचा पल्ला कमी करून इशापूरने एका जुन्या युद्धशास्त्राचीही रजा मंजूर केली.

२ए थोडाच काळ बनली. १९६५ पासून २ए१ निघू लागली आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत निघत राहिली.

आता सगळ्यात साधा प्रश्न. इतकं नवं पोलाद, नवा हुक, नवं मॅगझिन करायचंच होतं तर बोल्टचीच रायफल का केली? याचं उत्तर इशापूरच्या शेडमध्ये होतं. तिथली यंत्रं, साचे, मापं तपासायची गेजं आणि ती हाताळणारी माणसं, सगळी मार्क ३ साठी घडलेली होती. ब्रिटनने १९३९ साली ‘नंबर ४’ ही जाड घराची, मजबूत ली-एन्फिल्ड स्वीकारली होती. पाकिस्तानने वाहच्या आपल्या नव्या कारखान्यात पुढे तीच बनवली. इशापूर मात्र मार्क ३ वरच राहिलं होतं. एसएलआरला गॅसची नळी, पिस्टन, अनेक बारीक भाग आणि नवी यंत्रं लागत. तिची ओळ वेग धरेपर्यंत शेजारच्या जुन्या ओळी रिकाम्या ठेवायच्या, की त्यांच्यातून मापाला जुळणारी दुसरी रायफल काढायची? इशापूरने दुसरं केलं. २ए१ ने एसएलआरची जागा घ्यावी असं कुणाच्या मनात नव्हतं. पहारे, राखीव दलं, प्रशिक्षण, मागच्या फळीतली माणसं यांच्या हाती ७.६२ चं हत्यार जावं आणि पुढच्या फळीला एसएलआर मोकळ्या व्हाव्यात, इतकंच तिचं काम होतं.

इतरांच्या वाटा

असा विचार करणारा भारत एकटा नव्हता. इस्रायलने एफएनची रायफल घेतल्यावर आपल्याकडच्या जर्मन माउझर १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून ७.६२ वर आणल्या आणि राखीव सैनिकांना दिल्या. स्पेननेही आपल्या जुन्या माउझर छाटून, नव्या नळ्या लावून ‘एफआर’ मालिकेतल्या रायफली काढल्या. माउझरवाल्यांचं काम सोपं होतं. त्यांचा अडसर दाराला लागून होता.

ली यांचा बोल्ट घेऊन ७.६२ कडे जाणाऱ्यांत ब्रिटन होतं. त्यांनी प्रयोगाला मार्क ३ न घेता मजबूत नंबर ४ घेतली. तिला नव्या नळ्या लावून ‘एल८’ ही मालिका काढली. नेम समाधानकारक लागेना. मग नळीच बदलली: जाड, जड, लाकडाला कुठे न टेकणारी. त्यातून १९७० साली एल४२ए१ ही स्नायपर रायफल तयार झाली आणि ती १९८२ च्या फॉकलंड युद्धातही वापरली गेली. ब्रिटनकडे रायफली उरल्या होत्या, म्हणून त्यांनी त्यांतल्या निवडक रायफली मोजक्या नेमबाजांसाठी जड केल्या. भारताला माणसं अनेक होती आणि हत्यारं कमी, म्हणून इशापूरने साध्या शिपायासाठी साधीच रायफल घडवली. कडी एकच, पण दोन देशांच्या गरजा वेगळ्या, म्हणून उत्तरंही वेगळी.

ली यांनी पेटंट घेतलं तेव्हा ते काळ्या दारूच्या जाड गोळीचा विचार करत होते. त्यांची कडी त्यानंतर कॉर्डाइटमधून गेली, टोकदार गोळीतून गेली आणि शहाऐंशी वर्षांनी नाटोच्या काडतुसापर्यंत आली. या प्रवासाचं श्रेय आखणीला देण्याचा मोह होतो. माझ्या मते निम्मं श्रेय प्रत्येक वळणावर जुन्या रायफलीवर भरवसा न ठेवणाऱ्यांचं आहे. १८९५ साली त्यांनी खाचा नव्याने पाडल्या. १९६० च्या दशकात पोलाद नव्याने ओतलं. आकार पाहून ‘हे तर जुनंच’ म्हणणाऱ्याला आणि ‘हे जुनंच चालेल’ म्हणणाऱ्याला, दोघांनाही इशापूरचं उत्तर एकच आहे: हत्यार आकाराने जुनं असेल, पण दाब सोसतो तो धातू, आणि धातूची परीक्षा डोळ्यांनी होत नाही.

दुर्दैवाने पुढे हे आपल्याच लक्षात राहिलं नाही. १९७१ पर्यंत पायदळाच्या हाती एसएलआर आली होती आणि काही वर्षांनी २ए१ चं उत्पादनही थांबलं. सैन्याने बदलायला काढलेली थ्री नॉट थ्री मात्र पोलिसांच्या कोठारात राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या फलाटांवर एके-४७ समोर उभ्या ठाकलेल्या पोलिसांच्या आणि रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानांच्या हातात त्याच होत्या. बासष्टमध्ये बोल्ट ओढत लढलेल्या शिपायाचा धडा आपण सैन्याला शिकवला, पोलिसांना शिकवायला शेहेचाळीस वर्षं घेतली.

उत्तर प्रदेश पोलिसांनी थ्री नॉट थ्रीला निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० च्या संचलनात. तोवर तिची जागा अंशतः भरायला घडवलेल्या २ए१ चं उत्पादन थांबून चाळीसहून अधिक वर्षं उलटली होती.